काकीच्या कपाटातलं बिऱ्हाड

आमच्या लालबागच्या घरात टीव्हीशेजारी एक काचेचं कपाट आहे. त्यात एक अख्खं जुनं बिऱ्हाड मांडलेलं आहे, सगळं भातुकलीतलं. जातं, पाटा-वरवंटा, विळी, रोवळी, पितळेचा बंब, वातीचा स्टोव्ह, कंदील, फणेरपेटी, मच्छरदाणीचा पलंग. घरी येणारा प्रत्येक माणूस तिथे थांबतो, वाकतो आणि म्हणतो, "किती प्रेमानं जमवलंय हो!"

मी नुसती मान हलवतो. प्रेमाचा यात काही संबंध नाही. हे रागानं जमवलेलं आहे. माझ्या मोठ्या काकीनं माझ्या आईवरच्या रागानं हे बिऱ्हाड उभं केलं, आणि त्या रागाचं मूळ कारण मी होतो. म्हणजे मी काही केलं नव्हतं. मी फक्त जन्मलो होतो. पण मला अपराधी वाटायला फारसं काही लागत नाही. दुकानदारानं शेजारच्या गिऱ्हाइकाला झापलं तरी मी सॉरी म्हणून मोकळा होतो.

काकी आता नाही, आणि न्यायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून कपाट माझ्याकडे आलं. तिचं कुणी कौतुक लिहावं असं ती वागली नाही, आणि मी कौतुक लिहितो आहे असं समजलं असतं तर ती म्हणाली असती, "आईसारखाच खोटारडा."

ती गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. बुटकी, बारीक, हात तर एखाद्या शाळकरी मुलीचे असावेत इतके लहान. एका इस्पितळात ती टेलिफोन ऑपरेटर होती. निवृत्त होऊन खूप वर्षं झाली, पण आवाजातून ती नोकरी गेली नाही. बोलणं पुरे झालं की समोर बसलेल्या माणसालाही ती "ठेवते" म्हणायची आणि तोंड फिरवायची. त्यानंतर तुम्ही काहीही बोललात तरी ते तिच्यापर्यंत पोचत नसे. लाइन कट झालेली असे.

अंबाड्यात ती बांबूची एक काडी खोचायची. लोकांना वाटायचं, जुन्या वळणाची हौस असेल. ते तिचं माप होतं. ते माप कशाचं, हे सांगायचं तर आधी ठकीचं सांगावं लागेल.

माझी आजी कोकणातून लग्न होऊन आली तेव्हा भातुकलीची थोडी पितळी भांडी आणि सावंतवाडीची एक लाकडी ठकी घेऊन आली. ठकी म्हणजे उभी कोरलेली, रंगवलेली बाहुली. लाल लुगडं, मोठे डोळे, आणि नाकाच्या शेंड्यावर दाताच्या खुणा. माझ्या काकानं, म्हणजे काकीच्या नवऱ्यानं, रांगत्या वयात ते नाक चावलं होतं. दर चैत्रात गौर बसली की आजी तिच्यापुढे आरास मांडायची आणि मधोमध ठकी उभी करायची. एरवी ठकी कपाटात. सुनांनी तिला हात लावायचा नाही. "एक वीत नि दोन बोटं आहे माझी ठकी," आजी कौतुकानं म्हणायची, जशी काही ती दर वर्षी वाढणार होती.

काकी मोठी सून. तिला मूल झालं नाही. मग माझी आई धाकटी सून म्हणून आली आणि वर्षभरात मी झालो. जागा अपुरी पडायला लागली, भांडणं तर आधीपासून होतीच, आणि बाबांनी लालबागला खोली घेतली. निघायच्या दिवशी आजीनं वाटणी केली. पितळी भांडी मोठीला. ठकी धाकटीला. "जिच्या घरात पाळणा हलला, तिच्या घरी ठकी जाईल," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो.

"भांडी मला दिली आणि बाई तिला," काकी पुढे आयुष्यभर सांगायची. "घासायला मी, मिरवायला ती."

आईनं ठकी कधी मिरवलीच नाही. एका जुन्या खणात गुंडाळून ती कपाटावरच्या ट्रंकेत टाकली. तिला ती बाहुली आवडायचीसुद्धा नाही. ती तिथे होती आणि गिरगावात नव्हती, एवढं तिला पुरे होतं. दोघी एकमेकींचं नाव घेत नसत. आईसाठी काकी "ती गिरगावची", काकीसाठी आई "लालबागची".

आणि काकीनं घर बांधायला घेतलं. काकांचं पुस्तकांचं कपाट तिनं रिकामं केलं. पुस्तकं पलंगाखाली गेली आणि तिथेच त्यांना वाळवी लागली. काका काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नसत. सुताराला बोलावून तिनं कपाटात स्वयंपाकघर, माजघर, न्हाणी आणि पडवी करून घेतली, प्रत्येकाला चौकट, चौकटीला उंबरठा. सगळं एकाच मापात. ठकी समोर नव्हती, पण एक वीत नि दोन बोटं हे काकीला पाठ होतं. त्या उंचीची काडी तिनं तासून घेतली आणि अंबाड्यात खोचली. चौकट काडीपेक्षा बोटभर उंच. ओटा काडीच्या कमरेएवढा. जात्याचा खुंटा, बसलेल्या बाईच्या हाताला येईल असा.

मजा म्हणजे आजीची जुनी भांडी या मापात बसेनात. कळशी फार मोठी, घंगाळ त्याहून मोठं. "सासूबाईंना मापच नव्हतं," काकी म्हणाली आणि ती भांडी एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून पलंगाखाली ढकलली. मग प्रत्येक वस्तू नव्यानं घडवून घेतली. ज्यानं तांब्या-पितळेची भांडी घडवली त्या कारागिराला तिनं रडकुंडीला आणलं. बंबात खरोखर पाणी तापलं पाहिजे म्हणून हट्ट धरला. त्यानं करून दिला. तिनं त्यात निखाऱ्याचे कण टाकले, पाणी तापलं, आणि खालून एक थेंब गळला. तशीच बंब घेऊन ती परत गेली.

"अहो, एवढासा बंब," तो म्हणाला. "कोण अंघोळ करणाराय त्यात?"

"ते मी बघते. गळलेलं तू पुसणार का?"

काका गेल्यावर मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जाऊ लागलो. औषधं, लाइट बिल, बँक. मला कुणी सांगितलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईला एकटं टाकलं असं नको व्हायला, एवढंच. दार उघडून ती म्हणायची, "आलास? सोडलं आईनं?" आणि घरी परत आलो की आई ओट्यापाशी पाठमोरीच म्हणायची, "इलंस तिच्याकडसून? पाय धुवन भितर ये." जणू मी स्मशानातून आलो होतो. दोन्हीकडे मी हसायचो. दोन्हीकडे माझं हसणं कुणाला आवडत नसे.

काकीकडे कपाट बघायला माणसं येत. तिचा नियम एकच, हात मागे. लहान मुलं, मोठी माणसं, तिला तपासायला आलेला डॉक्टर, सगळ्यांनी हात पाठीमागे बांधूनच बघायचं. शेजारच्या सावंतांची नात रिया तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. हात मागे बांधून, काचेला नाक लावून तिनं सगळं घर बघितलं आणि विचारलं, "आजी, यातली बाई कुठाय?"

"बाहेर गेलीय."

"कधी येणार?"

"तुझं लग्न होईल तेव्हा. नाक काढ काचेवरनं, डाग पडतो."

काहीजण सुचवायचे की एखादी बाहुली आणून ठेवा, बाजारात हव्या तशा मिळतात. त्यांना पुढच्या वेळी दार उघडत नसे.

एकदा दादरच्या एका हॉलमध्ये भातुकलीचं प्रदर्शन होतं. कसं कोण जाणे, काकी तयार झाली. खोकी मी वाहिली. तिच्या शेजारचं टेबल माटुंग्याच्या एका हसऱ्या बाईंचं होतं. त्यांनीही छान मांडलं होतं, वर झेंडूच्या माळाबिळा. काकीनं आपलं मांडून झाल्यावर अंबाड्यातली काडी काढली आणि शेजारच्या टेबलाकडे गेली. मला पुढचं दिसलं, पण मी रिकामी खोकी रचत राहिलो.

"ही विळी आहे?" तिनं काडी विळीशेजारी उभी धरली.

"हो, आवडली का? माझ्या आजेसासूबाईंची."

"हिच्यावर बाई भाजी चिरणार की स्वतःची मान? पातं बघा, तिच्या खांद्याला लागतंय. आणि पोळपाट हा एवढा? यावर ती लाटणार की झोपणार?"

त्या बाईंचं हसू तसंच राहिलं, कारण ते कुठे ठेवायचं त्यांना कळेना. संयोजक धावत आला. "मावशी, जाऊ द्या ना, सगळे हौशी आहेत इथे."

"मावशी कोणाची? हौस घरी करायची. लोकांना दाखवायचं तर माप पाहिजे."

तेवढ्यात गर्दीतल्या कुणीतरी काकीच्या टेबलापाशी विचारलं, "सगळं आहे, पण घरात माणसंच नाहीत का हो?" काकी वळली. तिनं काडी अंबाड्यात खोचली, माझ्याकडे बघितलं, त्या माणसाकडे नाही, आणि म्हणाली, "बांध सगळं." अर्ध्या तासात आम्ही टॅक्सीत होतो. मी तेवढ्यात माटुंग्याच्या बाईंची माफी मागून आलो होतो. टॅक्सीत काकी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिची माफी मागितलीस ना? तुझ्या बापाची सवय. भांडण करायचं नाही, नुसतं पुसत फिरायचं."

मी म्हटलं, "काकी, मी आईला विचारू का ठकीचं?"

"खबरदार. भीक नको मला तिची." थोड्या वेळानं, "ती देणार नाही." आणि अगदी गिरगाव आल्यावर, "नाक आहे ना अजून तसंच?"

मी हो म्हटलं. त्याआधी कित्येक वर्षांत मी ठकी पाहिलीही नव्हती.

गेल्या वर्षी आई गेली. शेवटच्या दिवसांत तिला बोलायला धाप लागायची, तरी एक गोष्ट तिनं दोनदा सांगितली. "ठकी तिका देव नको. जाळून टाक, पण तिका देव नको." मी “नाही देणार” म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणतात?

तेराव्याला काकी आली. लालबागच्या आमच्या घरात ती पहिल्यांदाच येत होती. जिने चढून धापा टाकत आली, आईच्या फोटोपुढे उभी राहिली, हार नाही, फूल नाही. मग तिची नजर कपाटावरच्या ट्रंकेकडे गेली.

"गेली?" ती म्हणाली.

"हो, काकी. बसा ना."

"ठकी कुठाय?"

माझी बायको नीता ताट वाढता वाढता थांबली. मी म्हणालो, "काकी, आज नको."

"मी कधी मागितली नव्हती. ती होती तोवर एकदाही मागितली नाही. आता ती नाही. आता विचारते."

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे केला. "ठेवते," ती म्हणाली आणि पाणीही न पिता जिना उतरून गेली.

पुढचे काही महिने मी नीट झोपलो नाही. द्यावी तर आईचा शब्द मोडतो, न द्यावी तर एका म्हातारीचं सबंध आयुष्य अडवून धरल्यासारखं. नीता वैतागली. "लाकडाची बाहुली आहे हो. द्या नाहीतर टाका. नुसतं त्या ट्रंकेखाली उभं राहून काय होणाराय?" काकीचं वय झालं होतं. हिवाळ्यात तिला न्युमोनिया होऊन गेला होता. चैत्र जवळ आला होता. मला वाटलं, एकदा तरी तिच्या घरात बाई येऊ दे. आई मला माफ करेल किंवा करणार नाही, पण ती आता बोलणार तर नाही. मी ठकी खणासकट पिशवीत घातली आणि गिरगावला गेलो.

काकीनं दार उघडलं. पिशवीकडे बघितलं. नेहमीचं काही बोलली नाही. हात धुतले, पदराला पुसले आणि पिशवी माझ्याकडून घेतली. खण सोडला. ठकी तिनं दोन्ही हातांत धरली. तिच्या त्या लहान हातांत ठकी फार मोठी दिसत होती. अंगठा नाकावर गेला, दाताच्या खुणांवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. काकांचे ते दात.

मग ती कपाटाशी गेली, काच सरकवली आणि ठकी स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी नेली. ठकीचं कपाळ चौकटीच्या वरच्या लाकडाला लागलं. टक् असा आवाज झाला.

तिनं परत नेली. परत लागलं.

तिनं अंबाड्यातली काडी काढली आणि ठकीशेजारी उभी धरली. काडी ठकीच्या भुवईपर्यंतच आली.

मला आधी काहीच कळलं नाही. मी म्हटलं, "काकी, जरा आडवी करून आत घ्या ना, आत गेल्यावर…"

"आडवं माणूस घरातून बाहेर नेतात. आत आणत नाहीत." ती ठकीकडेच बघत होती. "ही ती नव्हे. तुझ्या आईनं बदलली. मला माहीतच होतं ती असं करणार."

"काकी, नाक बघा ना."

"बघितलं." तिनं ठकी टेबलावर उभी केली. मग तिनं विचारलं, "तुझ्या आजीचे हात आठवतात तुला?"

"मोठे होते. भात लावलेले हात. तिची एक थप्पड सगळ्या गालावर बसायची."

काकीनं स्वतःचा पंजा उघडला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणला आणि त्याकडे बघत बसली. एक वीत नि दोन बोटं. आजी म्हणायची ती आजीची वीत होती. काकीनं काडी कापली होती स्वतःच्या वितीनं. चौकटी, ओटा, जातं, बंब, त्या कारागिराची रडकुंडी, माटुंग्याच्या बाईंची विळी, सगळं त्या चिमुकल्या पंजानं मोजलेलं होतं.

"पलंगाखालचा डबा काढ," ती म्हणाली.

मी बिस्किटांचा गंजलेला डबा ओढून काढला. तिनं त्यातली आजीची कळशी उचलली, जी फार मोठी म्हणून तिनं बाजूला टाकली होती. पदरानं पुसली आणि ठकीच्या कमरेशी धरली. ठकीचा एक हात कमरेपाशी वाकवलेला कोरला होता. कळशी त्या हाताच्या वळणात अशी बसली की जणू सुतारानं आणि तांबटानं एकमेकांना विचारून केली होती.

मला वाटलं ती रडेल. मी तसा तयारही होतो, पाणी आणायला वगैरे.

"तू आणलीस कशाला?" ती म्हणाली. "आई नको म्हणाली होती ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी तिला ओळखत नाही? मरताना तिनं एक शहाणपणाची गोष्ट सांगितली, तीही तू ऐकली नाहीस. तिथे ट्रंकेत असती तर माझं घर बरोबर होतं." तिनं काच सरकवून बंद केली. ठकी आणि कळशी बाहेर टेबलावरच होत्या. "ठेवते."

मी पायऱ्या उतरताना मला एकच कळत होतं की दोघींशीही मी वाईट वागलो होतो, आणि दोघींच्या भल्यासाठीच वागलो होतो.

त्यानंतर मी तिला एकदाच बघितलं. तिच्याकडच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, जे काका गेल्यावरही तिनं कुणाचं न ऐकता चालू ठेवलं होतं. पुरुषांनी आत जायचं नसतं, मी नीताला सोडायला गेलो होतो आणि गॅलरीत उभा होतो. बायका येत होत्या, आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. गौरीपुढे काकीचं कपाट होतं. दारातून मला ते नीट दिसत होतं. घरात नेहमीसारखंच कुणी नव्हतं. ओटा पुसलेला, बंब लखलखीत, पलंगाची मच्छरदाणी खोचलेली. आणि कपाटाच्या बाहेर, पडवीच्या पायरीखाली, पाटावर ठकी उभी होती. कमरेवर कळशी. तोंड घराकडे.

काकी खुर्चीत बसली होती, फार थकलेली. अंबाड्यात काडी नव्हती.

सावंतांची रिया आता बरीच मोठी झाली होती, तरी हात मागे बांधूनच आली. तिनं वाकून बघितलं.

"आजी, ही आली वाटतं? बाई?"

"ती नव्हे. ही धाकटी जाऊ."

"मग बाहेर काय करतेय?"

"पाण्याला आलीय."

"अहो, घ्या ना मग तिला आत. किती वेळ उभी राहील बिचारी?"

काकीनं मान वर केली. मी दारात आहे हे तिला माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. तिनं ठकीकडे बघितलं, मग त्या सगळ्या नीटनेटक्या, रिकाम्या घराकडे.

"घेतली असती गं," ती म्हणाली. "मावत नाही."